तुझ्या नावाचं पाकीट

किल्ल्याचं फाटक, लॉख टार्वी
१९ ऑगस्ट २००३

मॉर्वेन,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच टाकून दिलं असतंस, म्हणून पत्ता जीनच्या हातून लिहून घेतला. तिला वाटतंय माझा चष्मा फुटलाय. चष्मा ठीक आहे. आता उघडलंच आहेस तर वाच. फार लांब नाही.

यंदा पाऊसच नाही. लॉखच्या तळ्याचं पाणी इतकं खाली गेलंय की माझ्या अडुसष्ट वर्षांत असं पाहिलं नव्हतं. किल्ल्याच्या मागे, जिथे तू लहानपणी गळ टाकून बसायचीस, तिथून आता चाळीसेक पावलं चिखलातून चालत जाता येतं. पुढे तळ एकदम तुटतो, ते तुला माहीत आहे. मी दोरी बांधली, पाटी लावली, तरी पाहुणे जातातच. पडक्या भिंतींपेक्षा त्यांना चिखलाचं अप्रूप जास्त. परवा एक ओहायोचे गृहस्थ विचारत होते, राणीला कुठल्या बुरुजात कोंडलं होतं म्हणून. म्हटलं, साहेब, इथे राणीबिणी कुणी नव्हती, इथे चोरून आणलेली गुरं ठेवायचे. त्यांचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या माणसाला मी राणी देऊन टाकणार आहे.

शनिवारी अशाच एका बाईंना त्या चिखलाच्या कडेला एक बॅग सापडली. कातडी, तपकिरी. जुनी आहे, कुणाचीही असेल. या पाण्यात लोकांनी शंभर वर्षांत काय काय टाकलंय. पण बाई घाबरल्या आणि त्यांनी पोलिसांना फोन केला, त्यामुळे ओबनहून सार्जंट टलॉक आल्या आणि बॅग घेऊन गेल्या. त्या तुला फोन करतील. माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून हे पत्र.

चार वर्षांपूर्वी या फाटकात उभं राहून तू मला जे बोललीस, त्यावर मला काही म्हणायचं नाही. तेव्हाही म्हणालो नव्हतो.

जीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चहाचं दुकान तिची भाची बघते, केक चांगले करत नाही.

हेक्टर

(आधी ‘बाबा’ लिहिलं होतं. मग वाटलं, तुला आवडणार नाही.)


२६ ऑगस्ट

मॉर्वेन,

बॅग तिची आहे.

सार्जंट टलॉकनी ती जीनच्या दुकानातल्या मागच्या टेबलावर, वर्तमानपत्रं पसरून ठेवली होती. कुलपाच्या पट्टीवर ई. एम. अशी तुझ्या आईच्या नावाची अक्षरं आहेत. मीच ओबनला कोरून घेतली होती, लग्नाच्या वर्षी. पट्टा तुटलेला आहे. आत कपडे नव्हते. दगड होते, नऊ.

“हे दगड कुठले, मिस्टर मॅकव्हिकार?” सार्जंटनी विचारलं.

“किल्ल्याचे.”

“खात्रीने?”

“अजून चुना चिकटलेला आहे. उत्तरेची भिंत ढासळली तेव्हा मीच ते रचून ठेवले होते.”

त्यांनी जुना कागद काढला. “चौदा वर्षांपूर्वी तुम्ही जबाबात म्हणालात की बाई बॅग घेऊन बसने गेल्या.”

“बॅग घरात नाही, असं म्हणालो. बसचं ड्रायव्हरने सांगितलं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तरुण आहेत, तुझ्याहून लहान असतील. “फरक आहे खरा,” म्हणाल्या आणि तो फरक लिहून घेतला.

तुझ्याशी त्यांचं बोलणं झालं हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तू म्हणालीस म्हणे, की बॅग कुणीतरी चोरली असेल, नको असलेलं फेकून दिलं असेल, दगड पोरांनी भरले असतील. आईला बसमध्ये पाहिलेला माणूस आहे. आणि शुक्रवारी तू कार्लाईलला निघाली आहेस, तिथल्या वृद्धाश्रमातल्या कुणा बाईंना पाहायला, ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही.

हे ऐकून मी बाहेर आलो आणि उगाच तटाभोवती चालत राहिलो. पेस्ली झालं, डंडी झालं, हल झालं, त्या आधी आयर्लंड. तू नर्सचं काम सोडलंस ते रजा मिळेना म्हणून. कॅलम तुझ्याबरोबर किती दिवस राहिला? सहा वर्षं ना? शेवटी त्याने मला फोन केला होता, तुला माहीत नसेल. म्हणाला, “हेक्टर, आमच्या घरात तिसरी खुर्ची कायम मांडलेली असते. मला आता त्या खुर्चीसमोर बसून जेवता येत नाही.” मी त्याला म्हटलं, धीर धर.

कार्लाईलला जाऊ नकोस, मॉर्वेन. आज एवढंच लिहवतंय.

हेक्टर


३१ ऑगस्ट

मॉर्वेन,

तू गेलीसच. सार्जंट म्हणाल्या, ती बाई दुसरीच निघाली.

दुसरीच असणार होती. पेस्लीची, डंडीची, हलची, सगळ्याच. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

हे वाचून तू कागद खाली ठेवला असशील. परत उचल. अर्ध्यात सोडलंस तर मला पुन्हा लिहिता येणार नाही.

मंगळवार होता, १२ सप्टेंबर. सकाळी सहाला उठलो तर तुझी आई शेजारी नव्हती. वाटलं, कोंबड्यांकडे गेली असेल. किटली गार होती. टेबलावर बिस्किटांच्या डब्याला टेकवून एक पाकीट ठेवलं होतं. वर एकच शब्द, तुझं नाव. माझ्यासाठी काही नव्हतं. मी डब्याच्या आतही पाहिलं.

तुझ्या नावाचं पाकीट मी उघडलं.

मग धक्क्यावर धावलो. आपली होडी जागेवर नव्हती. ती मला दूर दिसली, छोट्या बेटापाशी, आडवी होऊन हलत होती. किल्ल्याची दुसरी होडी घेऊन गेलो. आत कुणी नव्हतं. वल्ही आत घेऊन नीट शेजारी शेजारी ठेवलेली होती. मी कायम आपटून ठेवायचो, तुझी आई अशी ठेवायची. तासभर तिला हाका मारत फिरलो. पाणी अगदी सपाट होतं. काही दिसत नव्हतं, काही हलत नव्हतं.

मग मी होडी ओढत आणली आणि धक्क्याला बांधली. रोजच्यासारखी. घरी आलो, पत्र पुन्हा एकदा वाचलं आणि चुलीत घातलं. साडेनऊ वाजले होते. दहाला पर्यटकांची पहिली बस यायची. मी फाटक उघडलं आणि तिकिटं दिली.

दुपारी जीनने विचारलं, “एल्स्पेथ कुठेय रे? सूपची भांडी परत द्यायची होती.” मी म्हटलं, “दिसत नाही सकाळपासून. बॅगही नाही.” यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी अशाच शब्दांवर चौदा वर्षं काढली.

तुझी शेवटची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. म्हटलं, ती होऊ दे, मग सांगू. पोलिसांनाही तोवर खरं काही सांगायचं नाही. पण चार दिवसांनी त्या बस ड्रायव्हरने सांगितलं की टार्वीच्या थांब्यावर तपकिरी बॅगवाली बाई चढली होती. कोण होती देव जाणे. तो खोटं बोलला नाही, त्याला तसं वाटलं. तू तेव्हा घरी आलेली होतीस, चार दिवस काही खाल्लं नव्हतंस. ते ऐकलंस आणि उठून ब्रेड कापायला घेतलास. “म्हणजे ती कुठेतरी आहे, बाबा,” असं म्हणालीस आणि माझ्यासाठीही कापलास. मी तो खाल्ला.

त्यानंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा कठीण झाला. फाटकावरचा तुझा शोधाचा कागद पावसाने विरला की नवा मीच लावायचो. पर्यटक तिचा फोटो बघून विचारायचे, सापडल्या का? मी म्हणायचो, अजून नाही.

आणि चार वर्षांपूर्वी फाटकात तू जेव्हा म्हणालीस, “आई तुझ्यामुळे पळून गेली, तू तिला घालवलंस,” तेव्हा मला बरं वाटलं. निदान काहीतरी माझ्या पदरात पडलं, असं वाटलं.

पत्रात काय होतं ते सांगतो. पाठ आहे. रोज मनात म्हणतो.

“मॉर्वेन, माझ्या पोरी, मी थकले आहे. हा थकवा झोपेने जात नाही. यात तुझा काही दोष नाही, हे कधी विसरू नकोस. शनिवारी तू फोनवर हसलीस ते मी बरोबर घेऊन जाते आहे. परीक्षा दे. माझी वाट पाहू नकोस. आई.”

उद्या मी ओबनला जाऊन सार्जंट टलॉकना हे सगळं सांगणार आहे. आधी तुला लिहिलं.

बाबा


९ सप्टेंबर

मॉर्वेन,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

जबाब दिला. तीन तास लागले. सार्जंटनी मध्ये मला पाणी दिलं आणि कागद सरकारी वकिलांकडे जातील असं सांगितलं. पुढे काय होईल ते त्यांनाही माहीत नाही. पाणबुडे आले होते, सहा दिवस होते. एक बूट मिळाला. त्यांचा म्होरक्या भला माणूस आहे, माझ्याशी बोलायची त्याला काही गरज नव्हती. म्हणाला, “कडेनंतर फार खोल आहे, आजोबा. आणि खाली गाळ. आम्ही हात घातला की हात दिसेनासा होतो.” काल सामान भरून गेले.

जीनला मी स्वतः सांगितलं. दुकान बंद करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हातातलं फडकं पिळलं आणि तेच टेबल पुन्हा पुसलं.

“चौदा वर्षं मी त्या पोरीला बसच्या वेळा सांगत आले, हेक्टर,” म्हणाली. “आई कुठल्या बसने गेली असेल, ती पुढे कुठे जाते, कुठे बदलावी लागते. नकाशा काढून दिला होता मी तिला.”

“माहीत आहे.”

“तू शेजारी बसला होतास. इथे. या खुर्चीत.”

“हो.”

“आणि परवा पाकिटावर पत्ताही माझ्याच हातून.”

मग म्हणाली, “जा आता. मला कुलूप लावायचंय.” दुसऱ्या दिवशी पायरीवर झाकून ठेवलेलं सूप होतं. दार वाजवलं नव्हतं.

मॉर्वेन, आईच्या पत्रातली एक ओळ मी गाळली.

३१ तारखेला तुला लिहिताना वाटलं, एवढं सांगितलं, आता हे कशाला. मग पाकीट टाकून परत येताना समजलं की मी पुन्हा तेच केलं. म्हणून आता सगळं.

“हा थकवा झोपेने जात नाही” याच्या पुढे असं होतं: “फेब्रुवारीत मी तुझ्या बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, वसंत आला की बरं वाटेल. वसंत येऊन गेला.”

ती सांगत होती ते खरं आहे. मी मासे साफ करत होतो. ती दारात उभी राहून म्हणाली, “हेक्टर, मला डॉक्टरकडे नेशील?”

“का? ताप आहे?”

“नाही. मला सकाळी उठावंसं वाटत नाही.”

“फेब्रुवारीत कुणाला वाटतं?”

मी विनोद केला होता. ती हसलीसुद्धा. मग तिथेच थोडा वेळ उभी राहिली. मी मान वर केली नाही, सुरी धारदार होती. “वसंत आला की बरं वाटेल,” म्हटलं. “हो,” म्हणाली आणि आत गेली. पुन्हा तिने कधी विचारलं नाही. डॉक्टर ओबनला, गाडीने चाळीस मिनिटांवर.

तेव्हा मला लाज वाटली होती, हेही लिहितो. मॅकव्हिकारची बायको डोक्याच्या डॉक्टरकडे गेली, असं गावात होईल म्हणून. मे महिन्यात तिचं वजन उतरलं ते मला दिसलं. जूनमध्ये तिने बागेत काही लावलं नाही, तेही दिसलं. मी स्वतःशी म्हणायचो, हा हंगाम जाऊ दे, पाहुण्यांची गर्दी ओसरू दे.

तर मी ते पत्र तुझ्या परीक्षेसाठी जाळलं नाही. परीक्षा खरी होती, पण तिचा आधार मी नंतर घेतला. त्या सकाळी चुलीसमोर माझ्या मनात परीक्षा नव्हती. ती ओळ होती. ती तू वाचशील आणि माझ्याकडे बघशील, एवढंच होतं. बाकीच्या ओळी त्या ओळीबरोबर जळल्या. “माझी वाट पाहू नकोस” ही पण.

तुझी बाविसाव्यापासून छत्तिसाव्यापर्यंतची वर्षं मी घेतली. कुणाला वाचवण्यासाठी नाही. माझ्याकडे कुणी तसं बघू नये म्हणून.

बाबा


२१ सप्टेंबर

मॉर्वेन,

काल तू आलीस. पुढे हे कुणाला लिहिणार, म्हणून तुलाच लिहितो, जरी तू तिथे होतीस.

मी खिडकीत मान खाली घालून सुटे पैसे लावत होतो. “एक,” असा आवाज आला. मान वर करायच्या आधीच मला कळलं. पण चौतीस वर्षांची सवय जिभेवर असते.

“एक मोठं?” मी विचारलं.

“हो. किती वाजेपर्यंत उघडं असतं तुमचं?”

“पाचपर्यंत.”

तुमचं, म्हणालीस. मी तिकीट फाडून दिलं आणि तू ते घेतलंस. तुझे केस पांढरे झालेत. मला कुणी सांगितलं नव्हतं. तू ज्या घरात जन्मलीस त्याची खिडकी माझ्या मागेच होती, आणि तू माहितीचा कागद हातात घेऊन बाण पाहत आत गेलीस.

एका डच जोडप्याच्या मागे मागे तू सगळा किल्ला पाहिलास. प्रत्येक पाटी वाचलीस. चुलीचा कोनाडा, विहीर, पडका जिना. त्या पाट्यांवरचा मजकूर तू शाळेत असताना आपण दोघांनी बसून लिहिला होता, “सतराव्या शतकात” मध्ये तू चूक केली होतीस आणि तुझ्या आईने ती शोधली होती. उत्तरेच्या भिंतीपाशी तू बराच वेळ थांबलीस. दगडांच्या ढिगापाशी. डच बाईंनी तुला त्यांचा फोटो काढायला सांगितला आणि तू काढून दिलास. एकदा पुसट आला म्हणून पुन्हा.

चारच्या सुमारास परत आलीस.

“होडी आहे?”

“आहे.”

“चल.”

जीन येऊन माझ्या खिडकीत बसली.

मी वल्ही घ्यायला गेलो, तू ती काढून घेतलीस. किल्ल्याच्या मागे आलो तेव्हा विचारलंस, “बॅग कुठे?”

मी कडेला रोवलेली काठी दाखवली.

“आणि होडी कुठे मिळाली तुला?”

“तिकडे. बेटाच्या अलीकडे.”

“केवढं अंतर आहे हे.”

“वारा नव्हता तेव्हा. पण आधी असेल.”

“मग ती कुठे आहे?”

इथेच, असं म्हणायला जीभ उचलली होती. तुला एक जागा मिळाली असती. फुलं टाकायला, बघायला. मला ते सहज जमलं असतं.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

तू मान हलवलीस. वल्ह्यांवरून पाणी ठिबकत होतं. मग म्हणालीस, “‘माझ्या पोरी’ असं लिहिलं होतं तिने?”

“हो.”

“आई मला कधी पोरी म्हणाली नाही. ती मला मो म्हणायची. पोरी तू म्हणतोस.”

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. कागद दिसत होता, घडी दिसत होती, निळी शाई दिसत होती. तो शब्द दिसेना.

“मग मो असेल,” म्हटलं. “कदाचित.”

“कदाचित?”

“मी ते रोज मनात म्हणत आलोय. म्हणता म्हणता कुठला शब्द माझा झाला, ते आता मला सांगता येत नाही.”

“आणि ‘वाट पाहू नकोस’?”

“ते तिचं आहे. शपथ घेतो.”

“तुझी शपथ,” तू म्हणालीस. रागाने नाही. एखाद्या वस्तूचं नाव घ्यावं तसं.

“अजून काही राहिलंय सांगायचं?” तू विचारलंस.

“नाही.”

“मला ते कळणार कसं?”

मी कितीही खरं बोललो तरी तुला तिच्यापर्यंत जायला वाट एकच, आणि ती माझ्या तोंडातून जाते.

तेवढ्यात तटावरून ते डच जोडपं आपल्याकडे बघून हात हलवायला लागलं. संध्याकाळचं ऊन, पडका किल्ला, पाण्यात एक म्हातारा आणि त्याची मुलगी, त्यांना चित्र छान दिसलं असणार. तूही हात हलवलास. मग होडी वळवलीस.

धक्क्यावर तू वल्ही आत घेतलीस आणि शेजारी शेजारी ठेवलीस. मी पाहिलं ते तुलाही कळलं. जीनच्या गळ्यात पडून तू रडलीस, मी लांबून बघत होतो. पाच दहाच्या बसने गेलीस. मागची सीट, डावी बाजू.

काल रात्रीपासून पाऊस लागलाय. काठी आता पाण्यात गेली असेल.

बाबा


ग्लासगो
३ ऑक्टोबर २००३

बाबा,

प्रार्थना शुक्रवारी, दहा तारखेला, अकरा वाजता. गावातल्याच चर्चमध्ये. शवपेटी नसेल. पाद्रीबाईंनी विचारलं, रिकामी ठेवूया का, काही लोकांना बरं वाटतं. मी नको म्हटलं. आपल्याकडे रिकाम्या गोष्टी पुष्कळ झाल्या.

त्यांनी हेही विचारलं की आईचे शेवटचे शब्द वाचायचे आहेत का. मी तुझं पत्र समोर ठेवून ते एका कागदावर उतरवून घेतले होते, तुझी गाळलेली ओळ मध्ये घालून. पाच-सहा वेळा वाचून पाहिले. वाचताना आवाज तुझा येतो. म्हणून वाचणार नाही.

तुला यायचं तर ये. तू सव्वीस वर्षं तिच्याबरोबर राहिलास, तुला अडवायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. माझ्या शेजारी बसू नकोस. जीन माझ्या शेजारी बसेल. नंतर चहा तिच्याच दुकानात आहे, तिथे येऊ नकोस.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. ज्या ज्या गावांत माझे कागद लागले होते तिथे सगळीकडे फोन करून ते काढायला सांगितले. दोन दिवस लागले. लोक विचारायचे, सापडल्या का? मी हो म्हणायचे. कार्लाईलच्या त्या बाईंकडे मात्र स्वतः गेले. त्या माझी वाट पाहत बसलेल्या असतात, त्यांना वाटतं मी त्यांच्या ओळखीची कुणीतरी आहे. त्यांना म्हटलं, माझी आई सापडली. त्यांनी माझा हात धरून विचारलं, “कशी आहे गं?” मी म्हटलं, “छान आहे. बाग करते.” त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला त्यांच्या ताटातला केक दिला.

बाहेर येऊन मी स्टेशनच्या बाकावर बसले. एवढं सोपं असतं ते, हे मला तेव्हा कळलं. कळल्यामुळे तुझ्यावरचा राग कमी होईल असं तुला वाटेल, म्हणून लिहिते की तो कमी झाला नाही. माझी गोष्ट त्या बाईंच्या एका दुपारची होती. तुझी माझ्या सगळ्या आयुष्याची.

आईवर राग आहे का, ते अजून बघितलेलं नाही. तिच्याशी भांडायला मी चौदा वर्षं वाक्यं जमवून ठेवली होती. भेटली की हे बोलायचं, ते विचारायचं. शेवटी मिठी मारायची, असं ठरलेलं होतं. ती वाक्यं आता कुठे ठेवायची ते कळत नाही.

चौदा वर्षं रोज सकाळी उठल्यावर एक काम असायचं. आज कुणाला फोन, कुठे पत्र, कुठली गाडी. या सोमवारी उठले आणि काही नव्हतं. मंगळवारीही नव्हतं. बुधवारी मी उठलेच नाही. पडून राहिले, खिडकीतून समोरचं छप्पर दिसत होतं. बाहेर शाळेची पोरं जाऊन परत आली तरी मी तिथेच होते.

काल दुपारी उठून मी डॉक्टरची वेळ घेतली. सोमवारची, सव्वानऊची. चालत जाण्यासारखं आहे. कुणाला विचारलं नाही.

मॉर्वेन